मोटारीमागचें घर आणि तळ्याचा खडकाळ कांठ

घर सोडून हिंडावें आणि घरही बरोबर असावें, ही माणसाची हौस जुनी आहे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान पालथा घालीत आणि पाणी दिसेल तेथें गोण्यांची भिंत रचून रात्र काढीत. परंतु तो त्यांचा उदीम होता. केवळ मौजेखातर चाकांवरचें घर बांधून घेण्याचा मान बहुधा स्कॉटलंडच्या एका वैद्याकडे जातो. गॉर्डन स्टेबल्स हा आरमारांतील नोकरी संपवून ग्रंथलेखनाकडे वळलेला गृहस्थ. त्यानें १८८५ सालीं ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नांवाची लांबलचक गाडी करवून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि दक्षिण इंग्लंडांतून थेट उत्तरेस इनव्हर्नेसपर्यंत तेराशें मैलांचा प्रवास केला. गाडींत पुस्तकें होतीं, वाद्यें होतीं, बसण्याउठण्याची सर्व ऐट होती. या थाटांत सर्वांत उपयोगाची गोष्ट मात्र अगदींच साधी होती. स्टेबल्सचा नोकर तीन चाकांच्या सायकलीवर बसून गाडीच्या पुढें जाई आणि रस्ता मोकळा आहे कीं नाहीं तें बघून घेई. एवढी जड गाडी अरुंद वाटेंत शिरली म्हणजे तिला मागें फिरवणें किती कठीण, हें त्या वैद्यास ठाऊक होतें.

घोड्यांची जागा पुढें मोटारीनें घेतली. पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, बर्मिंगहॅमच्या एक्ल्स कंपनीनें मोटारीमागें जोडण्याचीं घरें तयार करण्यास प्रारंभ केला. अमेरिकेंत वॉली बायम या गृहस्थानें ॲल्युमिनियमच्या झगझगीत पत्र्याचीं ‘एअरस्ट्रीम’ घरें प्रचारांत आणलीं, आणि १९५९ सालीं अशा घरांचा एक तांडाच घेऊन तो केप टाऊनहून कैरोकडे निघाला. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागांत या घरांनीं निराळें रूप घेतलें. उंच चाकें, जाड लोखंडी चौकट, वर घडी घालतां येणारा तंबू आणि पाठीमागें फळी उघडली कीं स्वयंपाकाची मांडणी, असा हा ट्रेलर डांबरी सडक सोडून दगडधोंड्यांतून ओढीत नेतां येतो. आपल्याकडेही तो आतां थोडाफार दिसूं लागला आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. हॉटेलांत जागा मिळण्याची चिंता नको, परक्या अंथरुणाची किळस नको, मनांत येईल त्या तळ्याकांठीं मुक्काम करावा, हें स्वप्न मोहक आहे यांत शंका नाहीं. त्यांतील ‘मनांत येईल त्या’ हे शब्द मात्र तपासून घेतले पाहिजेत, आणि ते तपासून पाहण्यास मुलचेऱ्याच्या रानासारखें ठिकाण विरळा.

मुलचेरा हें गडचिरोली जिल्ह्यांतील एका तालुक्याचें लहानसें मुख्य ठिकाण. हा जिल्हा १९८२ सालीं जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. उत्तरेकडे चामोर्शी, दक्षिणेकडे अहेरी आणि पूर्वेकडे एटापल्लीचें दाट रान. जवळच आलापल्ली आहे. तेथील नैसर्गिक सागवानाचा सहा हेक्टरांचा एक तुकडा मुद्दाम अस्पर्श राखलेला असून २०१४ सालीं त्यास जैवविविधतेचें वारसास्थळ ठरविण्यांत आलें. वर्धा आणि वैनगंगा यांचा जेथें संगम होऊन प्राणहिता सुरू होते, त्या बाजूस १९८६ सालीं स्थापन झालेलें चपराळ्याचें अभयारण्य आहे. वस्ती मुख्यतः गोंड आणि माडिया यांची. तिच्याच शेजारीं पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांचीं गांवें वसलेलीं आहेत, म्हणून सागाच्या रानांत एकाएकीं बंगाली बोल आणि केळीचे गड्डे भेटले तर नवल मानूं नये. दिना नदीवर रेगडी येथें बांध घालून केलेला कन्नमवार जलाशय याच परिसराच्या तोंडाशीं आहे. नागपुराहून निघालेलें कुटुंब नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि घोट असें करीत या पाण्याजवळ पोंचतें, आणि हिंवाळ्याच्या उन्हांत तो निळा विस्तार व कांठचे राखी धोंडे पाहिले कीं मोटार सडकेवरून खालीं वळवावी असें त्यास वाटूं लागतें.

वळवावी कीं नाहीं, हा प्रश्न प्रथम दगडाचा आहे. पुण्यामुंबईच्या प्रवाशास दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण माहीत असतो. तो कड्याकड्यांनीं फुटतो, त्याच्या धारा चाकांस कापतात, पण एकदां बसला म्हणजे तो सहसा हलत नाहीं. गडचिरोलीकडील खडक निराळ्या जातीचा, पृथ्वीच्या फार प्राचीन काळांतील, ग्रॅनाइटसारखा कणीदार. ऊनपावसानें त्याचे कोपरे झिजतात, पापुद्रे सुटतात, आणि शेवटीं हत्तीच्या पाठीसारखे गुळगुळीत धोंडे व त्यांच्या पायथ्याशीं भरड वाळू एवढें शिल्लक राहतें. असा वाटोळा धोंडा चाकाखालीं गडगडतो. मोटारीचें चाक त्यावरून पलीकडे गेलें तरी तो फिरून ट्रेलरच्या आंसाखालीं येऊन बसतो. मोटार हांकणाऱ्यास समोरचें दिसतें. मागचें घर कशावर चढलें आहे तें दिसत नाहीं.

येथें बैलबंडीचें शास्त्र आठवतें. चांद्याच्या रानांतून शतकानुशतकें धान, बांबू आणि सागाचे ओंडके बंडीनेंच निघाले, आणि बंडी ही तरी काय, बैलांमागें जोडलेला ट्रेलरच. तिच्यांत माल भरतांना धुरकरी वजनाकडे बारकाईनें पाहतो. मागें भार जास्त झाला तर बंडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यास जोत्यांचा फांस बसतो. पुढें जास्त झाला तर सगळें ओझें बैलांच्या मानेवर पडतें. मोटारीच्या ट्रेलरचा नियम हाच आहे, फक्त तो आंकड्यांत सांगतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा जोडाच्या तोंडावर पडावा. त्याहून फार कमी असेल तर वेगांत ट्रेलर डावीउजवीकडे झोके खाऊं लागतो आणि अखेर मोटारीसही लोळवतो. फार अधिक असेल तर मोटारीची पाठ बसते, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूं हातांत असून नसल्यासारखें होतें. म्हणून पाण्याची टांकी, गॅसचें नळकांडें व शिधा हें जड सामान आंसाच्या जवळ आणि शक्य तितकें खालीं ठेवावें. गाद्या, खुर्च्या, मुलांचे खेळ हे वर किंवा मागें गेले तरी चालेल. पहिल्या प्रवासास निघणारीं कुटुंबें हें नेमकें उलट करतात, कारण जड वस्तु चढवावयास मागचें दार सोयीचें पडतें.

जोडाविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सडकेवरच्या ट्रेलरचा जोड म्हणजे एक लोखंडी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी. सपाट रस्त्यावर हें पुरेसें होतें. खडकांत मोटारीचें डावें चाक वर आणि ट्रेलरचें उजवें चाक वर, अशी स्थिति क्षणोक्षणीं येते. तेव्हां वाटी पिळली जाऊन निसटते किंवा मोडते. तिन्ही दिशांनीं फिरणारा जोड लावलेला नसेल तर त्या गाडीनें डांबर सोडूंच नये. जोडाशेजारीं सांखळ्याही हव्यात, म्हणजे तो निसटलाच तर घर एकटेंच तळ्याकडे धांवत सुटणार नाहीं. चाकांतील हवा खडकाळ वाटेवर कमी करावी, म्हणजे रबर धोंड्याभोवतीं मुरडतें आणि पकड धरतें; वेग मात्र माणसाच्या चालीचा ठेवावा, आणि सडकेला लागतांच हवा पुन्हां भरावी. त्यासाठीं पंप घरीं विसरून चालत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनेंही ट्रेलर हें मोटारीचें शेपूट नाहीं, तें वेगळें वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत त्याची व्याख्या निराळी दिली आहे, आणि त्याची नोंदणी, क्रमांक व मागचे दिवे यांची व्यवस्था निघण्यापूर्वींच झाली पाहिजे. ओळखीच्या लोहाराकडून चौकट जोडून घेऊन तशीच रस्त्यावर आणण्याची हौस अंगाशीं येते.

हें झालें साधनांचें. परंतु रानांतला मुक्काम साधनांनीं निभत नाहीं, तो जागेच्या निवडीनें निभतो. आणि या बाबतींत जुने दौरे फार शिकवून जातात. इंग्रजी अमदानींत मध्यप्रांतांतील जंगल खात्याचा अधिकारी पावसाळा सरला कीं दौऱ्यावर निघे तो उन्हाचा कडाका वाढेपर्यंत तंबूंतच राही. त्याचें सामान बैलगाड्यांवर असे. पुष्कळ वेळां तंबूंचे दोन संच असत. साहेब एका तंबूंत झोंपलेला असतां दुसरा संच रात्रींच पुढच्या मुक्कामाकडे रवाना होई. त्या गाड्यांबरोबर जाणारा चपराशी गांवच्या पाटलास भेटे, पाणी कोठचें प्यावयाचें, बैल कोठें बांधावयाचे, सावली कोणत्या अंगास राहील, हें ठरवी, आणि साहेब सकाळीं घोड्यावरून येई तों सर्व सिद्ध असे. त्या दौऱ्यांत रयतेवर वेठीचा जाच होता, हें विसरण्याचें कारण नाहीं. दूध, कोंबडीं, गवत आणि माणसें फुकट घेतलीं जात. पण पुढें माणूस पाठवून जागा पाहावी, ही त्यांतील रीत चांगली होती. स्टेबल्सचा सायकलस्वार आणि चांद्याचा चपराशी यांचें काम एकच. मोटारीनें ट्रेलर ओढणाऱ्या आजच्या कुटुंबाजवळ असा पुढें जाणारा कोणीच नसतो. त्याच्या हातांतील नकाशा उपग्रहानें काढलेला असतो. त्यांत तळें निळें आणि कांठ करडा दिसतो, एवढेंच.

नकाशांतला हा करडा पट्टा वस्तुतः तिघांचा असतो.

पहिला ढिवरांचा. या भागांतील तळीं देवानें दिलेलीं नाहींत, माणसांनीं बांधलेलीं आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलखांत कोहळी समाजानें व गोंड राजांच्या आश्रयाखालीं इतरांनीं धानासाठीं हजारों तलाव बांधले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळ्यानें बांधला असें परंपरा सांगते. पुढें ते मालगुजारांकडे गेले, आणि १९५० नंतर मालगुजारी नष्ट झाल्यावर ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नांवानें ओळखले जाऊं लागले. रेगडीसारखे मोठे जलाशय त्यांच्या नंतरचे. जुना असो कीं नवा, प्रत्येक पाण्यावर मासेमारी करणारीं घरें ठरलेलीं असतात. मोठ्या सपाट खडकावर त्यांचीं जाळीं वाळतात, कपारींत डोंगे बांधलेले असतात. प्रवाशास तंबू ठोकण्यास जो खडक अत्यंत रम्य वाटतो, तोच बहुधा ढिवरांचा जाळीं पसरण्याचा खडक निघतो. सपाट आणि स्वच्छ खडक तरी कांठावर किती असावयाचे?

दुसरा वांटा शेतकऱ्याचा. जलाशयाचें पाणी हिंवाळ्यांत उतरूं लागलें म्हणजे खालची जमीन उघडी पडते आणि तिच्यांत लोक पीक घेतात. हिला गाळपेर म्हणतात. बाहेरच्या माणसास ती रिकामी जमीन दिसते, कारण कुंपण नसतें आणि पेरलेलें बीज अजून वर आलेलें नसतें. शिवाय तिच्यांत एक कपट आहे. वरून तडकलेला, वाळलेला, टणक पापुद्रा आणि खालीं गुडघाभर चिखल. माणूस चालला तर पापुद्रा पेलतो. मोटार गेली कीं आंसापर्यंत रुतते, आणि मागें ट्रेलर असला तर मागेंही घेतां येत नाहीं. काठी हातांत घेऊन पायीं जावें, दर दहा पावलांवर ती टोंचावी, आणि ती सहज आंत गेली तर तेथूनच परतावें, हा साधा उपाय आहे. ज्यांनीं तो केला नाहीं अशांच्या गाड्या बाहेर काढण्यास बैल आणि माणसें शेवटीं त्याच शेतकऱ्याकडे मागावीं लागतात, ज्याचें पेरलेलें चाकांखालीं गेलेलें असतें.

तिसरा वांटा जनावरांचा, आणि तो रात्रीचा. गोल धोंड्यांच्या राशींत मोठमोठ्या पोकळ्या असतात, आणि अस्वलास दिवसा पडून राहण्यास याहून चांगली जागा नाहीं. मोहाचीं फुलें गळण्याच्या दिवसांत, फाल्गुन-चैत्रांत, तर तें पहाटेपर्यंत हिंडत असतें. वाघ पाहून माणूस सावध होतो; अस्वलाकडे तो गमतीनें पाहतो, आणि तेथेंच घात होतो, कारण अस्वलास डोळ्यांनीं कमी दिसतें व एकाएकीं जवळ आलेल्या माणसावर तें भिऊनच धांवून जातें. म्हणून राशींच्या आसपास वारुळें खणलेलीं दिसलीं, बोरांच्या आठोळ्यांनीं भरलेली विष्ठा दिसली, कीं ती जागा कितीही सुंदर असो, सोडून द्यावी. गेल्या कांहीं वर्षांत या जिल्ह्यांत वाघांचा वावर वाढला आहे आणि त्यांत माणसेंही बळी पडलीं आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरांत छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप आला, तोही येथें रमला. हत्तीस तांदूळ, मीठ आणि मोहाचा वास दुरून लागतो. पत्र्याच्या पातळ पेटींत ठेवलेली तांदळाची गोणी त्यास अडवणार नाहीं. असें असतां कळप परिसरांत आहे किंवा नाहीं, हें वन खात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय जो पुढें जातो त्यास शूर म्हणण्याचें कारण नाहीं.

या तिघांशिवाय चौथें नांव कायद्याचें आहे. अभयारण्यांत परवानगीवांचून शिरणें १९७२ च्या कायद्यानें आणि राखीव जंगलांत विस्तव पेटविणें १९२७ च्या कायद्यानें निषिद्ध आहे; चपराळ्यांत रात्रीं परस्पर ट्रेलर उभा करतां येत नाहीं. अभयारण्याबाहेर गेल्यावर सर्व मोकळें, असेंही नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवांचे सामूहिक हक्क मान्य झाले, आणि त्याचा पहिला मोठा लाभ गडचिरोली जिल्ह्यांतीलच मेंढा-लेखा या गांवानें मिळविला. २००९ सालीं त्यास सुमारें अठराशें हेक्टर वनावर हक्क मिळाला. तेव्हांपासून या जिल्ह्यांत अनेक गांवांच्या ग्रामसभा आपल्या वनाच्या मालकीणी झाल्या आहेत. ग्रामसभेस विचारणें हा म्हणून केवळ शिष्टाचार नव्हे. शिवाय हा मुलूख कित्येक वर्षें नक्षल चळवळीच्या झळा सोसून आलेला आहे. अनोळखी मोटार रात्रीं रानांत दिव्यांसह उभी दिसली तर गांवकरी दचकतात आणि पोलीसही. ठाण्यावर आगाऊ वर्दी दिलेली असली म्हणजे मध्यरात्रीं दोघांचीही झोंप मोडत नाहीं.

आतां कल्पना करावी कीं, नागपूरचें असें एक कुटुंब, आईबाप, दोन मुलें आणि आजी, मार्गशीर्षांतल्या एका दुपारीं दोन वाजतां तळ्याच्या अलीकडच्या गांवांत पोंचलें आहे. पांच वाजतां पोंचलें असतें तर पुढील कांहींच नीट झालें नसतें, कारण या दिवसांत साडेपांचाला ऊन झाडांआड जातें आणि अंधारांत जागा पाहणें म्हणजे न पाहणेंच. ट्रेलर गांवाच्या वेशीजवळ उभा करून कुटुंबाचा कर्ता पायीं निघतो. गांवांत भूमिया किंवा पोलीस पाटील भेटतो, चहा होतो, कोठून आलात, किती दिवस, बंदूक आहे काय, असे प्रश्न होतात. “खालीं नका उतरूं भाऊ, तिकडे गाळपेर आहे,” असें कोणी सांगतें, आणि एक ढिवराचा पोरगा दाखवावयास बरोबर येतो. ही अर्धी घटका वाया गेली असें शहरी मनास वाटतें. वस्तुतः सगळ्या प्रवासांत तीच खरी उपयोगी घटका.

पोरगा ज्या जागेवर नेतो ती पाण्याच्या कांठावर नसतेच. ती पाण्यापासून दीडदोनशें पावलें दूर, वरच्या अंगास, झाडांच्या रांगेच्या थोडी बाहेर असते. खडकांवर एक फिकट रेघ दिसते आणि तिच्याशीं काटक्या, शिंपले व वाळलेली शेवाळ अडकलेली असतात; भरल्या जलाशयाचें पाणी तेथपर्यंत येतें. मुक्काम तिच्या वर करावयाचा. हिंवाळ्यांत पाणी उतरतें असतें, म्हणून बुडण्याचें भय नाहीं. पण पाण्यालगतची हवा रात्रीं जड आणि थंड होते, पहाटे धुकें अंथरुणांत शिरतें, आणि डांसही तेथेंच अधिक. गडचिरोली हा महाराष्ट्रांत हिंवतापानें सर्वांत जास्त गांजलेला जिल्हा असून त्यांतील मेंदूपर्यंत जाणारा प्रकार जिवावर बेततो, हें लक्षांत घेतलें तर मच्छरदाणी ही चैन राहत नाहीं. परतल्यावर दोनतीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर ‘गडचिरोलीस गेलों होतों’ हें डॉक्टरास आपण होऊन सांगावें. शहरांतल्या डॉक्टरास तें सुचेलच असें नाहीं.

ट्रेलर जागेवर आणण्यास पाऊण तास लागतो. आई पुढें चालते, पोरगा एका बाजूस, थोरला मुलगा मागें; मोटारींत फक्त एकजण. हलणारे धोंडे हातानें बाजूस सारले जातात, एका खळग्यांत सपाट चिपा भरल्या जातात. तोंड बाहेरच्या वाटेकडे करून ट्रेलर उभा होतो, म्हणजे रात्रीं निघण्याची वेळ आली तर मागें घेण्याची कसरत नको. मगच चाकांच्या पुढें आणि मागें दगड लावून, चारही कोपऱ्यांचे टेकू फिरवून जोड सोडला जातो. पुष्कळजण आधीं जोड सोडतात आणि मग दगड शोधतात. उताराच्या खडकावर तेवढा अवधि घराला पुरतो.

स्वयंपाक ट्रेलरच्या मागच्या फळीवर, गॅसच्या शेगडीवर. खडकावर काटक्यांची शेकोटी करण्याचा हट्ट मुलें धरतात. पण कायद्याचें कारण बाजूस ठेविलें तरी ओल धरलेला हा कणीदार दगड तापला म्हणजे कधीं कधीं फटकन् पापुद्रा उडवतो, आणि तो डोळ्यांवर येतो. भांडीं पाण्यांत न धुतां पाणी वर आणून वाळूंत धुतलीं जातात, कारण त्याच कांठावर सकाळीं बाया येणार असतात. शौचाचा खड्डा झाडांच्या अंगास, पाण्यापासून लांब. माशांचीं डोकीं, उरलेला भात, आजीच्या औषधाचा मध, सर्व घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून मोटारींत बंद. साडेसातापर्यंत जेवण आटोपतें. आठांनंतर कोणी एकट्यानें दिव्यावांचून पायरी उतरावयाची नाहीं, असें ठरलेलें असतें, आणि तें आजीनेंच ठरविलेलें असतें.

मग रात्र. टिटवी एकदां ओरडून जाते. पलीकडच्या तीरावर चितळ भुंकल्यासारखें एकच तीक्ष्ण बोलतें, मग पुन्हां बोलतें. थोरला मुलगा उठून बसतो. लांब कोठेंतरी बंगाल्यांच्या गांवांत कीर्तनाचे मृदंग वाजत असतात आणि वारा फिरला कीं ते बंद पडतात. तारे इतके खालीं येतात कीं शहरांतून आलेल्या मुलांस प्रथम तें ढगाळल्यासारखें वाटतें. बाप दोनदां उठून चाकांचे दगड चाचपून पाहतो. एकदां पुरे झालें असतें.

सकाळीं धुकें उतरल्यावर ढिवर दोन डोंगे घेऊन पाण्यांत शिरलेले दिसतात. मुलें कांठाकडे धांवूं पाहतात तेव्हां आई त्यांना थांबवून आधीं वाळू पाहावयास लावते. ट्रेलर आणि पाणी यांच्या मधल्या भरड वाळूंतून, काल संध्याकाळीं त्यांच्याच पावलांच्या खुणा जेथें होत्या तेथें, अस्वलाचीं पावलें उमटून गेलेलीं असतात. माणसाच्या तळव्यासारखीं, पण पुढें नखांचे लांब ओरखडे. तीं पाण्याकडे गेलेलीं असतात आणि वळसा घेऊन धोंड्यांच्या राशीकडे परतलेलीं असतात. काल दुपारीं त्याच राशीच्या पायथ्याशीं एक सुरेख सपाट जागा मुलांनीं दाखविली होती, आणि पोरग्यानें कांहीं न बोलतां नुसती मान हलविली होती.

नऊ वाजतां टेकू वर होतात, जोड बसतो, सांखळ्या अडकतात आणि सर्वांत शेवटीं दगड काढले जातात. खळग्यांत भरलेल्या चिपा पुन्हां जेथल्या तेथें टाकल्या जातात. पोरगा आलेलाच असतो. त्याच्या हातांत पळसाच्या पानांत गुंडाळलेले चार मासे असतात, आणि त्यांचे पैसे तो मोजून घेतो. मोटार हळूहळू निघते. तो पुढें चालत असतो, मागें न पाहतां डावा हात वर करतो, आणि ट्रेलर धोंड्याला न घासतां डावीकडे वळतो.